इंजिनानं धूर खाल्लेला कोळसा

मला धुराचा राग होता, आणि तो राग मी सगळ्यांना ऐकवायची. माझं माहेर पळसदरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथं ऐन आणि धावड्याची वाळलेली लाकडं हाताशी असायची, चूल चटकन पेटायची, आणि माझी आई म्हणायची, धूर करते ती आळशी बाई. दहाव्या वर्षी सून होऊन कर्जतजवळच्या या गावात आले, तेव्हा आंदण म्हणून दोन भांडी आणि आईचं हे वाक्य एवढंच बरोबर आणलं होतं.

सासरचं घर नदीकडच्या सखल भागात. भिंती कारवीच्या, शेणमातीनं लिंपलेल्या, छपर पेंढ्याचं. स्वयंपाकाच्या खोलीत एक मोठी चूल आणि तिच्या मागं वैल, म्हणजे चुलीच्याच जाळावर चालणारी धाकटी चूल, जिच्यावर डाळ आपली आपण शिजत राहते. धुराला जायला वेगळी वाट नव्हती. तो आधी आमच्या डोळ्यांत जायचा, मग आढ्याला, मग पेंढ्यातून झिरपत बाहेर. सासूबाईंना त्याचं कोण कौतुक. धुरानं पेंढा कुजत नाही, आढ्याला टांगलेल्या बियाण्याला कीड लागत नाही, विंचू खाली उतरत नाही, असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मी पाठीमागं तोंड वाकडं करायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल त्या वयापासूनच रिकामा उभा होता, मला दिसत नव्हता एवढंच.

लिहिणं मी पुष्कळ उशिरा शिकले. हे कर्जत स्टेशनात मालाच्या गोण्या उतरवायला जायचे. गोण्यांवरच्या खुणा ओळखता ओळखता त्यांना अक्षरं आली, आणि उतारवयात त्यांनी ती मला शिकवली. मी देवाचं काही लिहावं म्हणून त्यांनी शिकवली, आणि मी लिहायला बसले आहे ते हे. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे मला कुणी सांगायला नको. तरी उगाळते.

मी या घरात आले तेव्हा माझी नणंद आठ वर्षांची होती. घरात सून म्हणून आलेली मी आणि लेक म्हणून हिंडणारी ती, पण आमच्यात तो भेद पडायला वेळच मिळाला नाही. कोंबडी कुठं अंडं घालते, सासूबाई गूळ कुठं दडवतात, हे सगळं तिनं मला पहिल्या आठवड्यात दाखवलं. एका कांबळ्यात आम्ही झोपायचो. मी तिला बाय म्हणायची, ती मला वैनी. चार वर्षांनी तिला खालापूरला दिली तेव्हा तिच्या आईपेक्षा मी जास्त रडले, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

सासरी तिला दोन मुलं झाली. दोन्ही महिन्याच्या आत गेली. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी हट्टानं तिला माहेरी आणवलं. आणायला गेलेल्या ह्यांना तिच्या सासऱ्यानं ओटीवर बसवून, पाणी देऊन, शांतपणे सांगितलं की या वेळी पोर घेऊन परत आली तर घर तिचं, नाही तर आम्ही दुसरी पाहून ठेवली आहे. ह्यांनी येऊन ते आईला सांगितलं. बायनं ते आतून ऐकलं. आठवा महिना होता. ती चुलीपुढं बसून हातानं पोट धरायची, जणू आतल्याला कुणी मागच्या दारानं नेईल.

त्या वर्षी आमची आगोट अर्धी राहिली होती. पावसाआधी चार महिन्यांचं सगळं घरात भरून ठेवतात, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. त्यात पहिली लाकडं. पण सरकारनं रान राखीव केलं होतं, आणि आमच्या बायकांच्या दोन खेपा शिपायानं वाटेतच उतरवून घेतल्या. शेण होतं ते राबाला गेलं. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जमीन पाला, काटक्या आणि शेण पसरून भाजावी लागते. ती न भाजावी तर पीक नाही, आणि भाजली तर चुलीला गोवरी नाही. त्यामुळे आषाढ लागला तेव्हा परसात जेमतेम महिन्याची लाकडं होती, आणि तीही वरून भिजलेली.

आणि बाळंतिणीला तर बारा दिवस शेक हवा. आमच्याकडे तिच्या खोलीतली शेगडी विझू देत नाहीत. दोन वेळा तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग बाजेखाली विस्तव, उशाशी ओव्याची धुरी, आणि वारा म्हणून लागू द्यायचा नाही. वारा लागला की बाळंतीण गेली, हे आम्ही सगळ्याजणी देवाच्या नावासारखं मानत होतो. सासूबाईंनी बाळंतिणीच्या खोलीचा कूड आतून बाहेरून नव्यानं लिंपला. वर माळा होता, त्याच्या फटीसुद्धा बुजवल्या. दोन मुलं गेलेली लेक, त्या माउलीला कुठून वारा येऊ द्यायचा नव्हता.

मुलगा झाला. धडधाकट, रडका, केसाळ. पाचवी पुजली, सटवाईपुढं दिवा ठेवला. पण ओल्या लाकडाच्या विस्तवानं त्या बंद खोलीत नुसता धूर कोंडायचा. पोर शिंकायचं, बायचे डोळे सुजले, आणि दर थोड्या वेळानं दार उघडून धूर बाहेर घालवावा लागायचा. दार उघडलं की सासूबाई वारा आला म्हणून ओरडायच्या, बंद केलं की पोर खोकायचं. मला ते बघवेना. आणि खरं सांगायचं तर, मला माझं शहाणपण दाखवायची ही संधी वाटली.

कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिनं लावतात. त्या इंजिनांची पोटं तिथंच साफ करत. रुळांच्या कडेला राखेचा ढीग पडायचा, आणि त्या राखेत अर्धेमुर्धे जळलेले दगडी कोळसे सापडायचे. हलके, भोकाभोकाचे. आजूबाजूच्या गावच्या बायका टोपल्या घेऊन ते वेचायला जात, रखवालदार हाकलायचा, त्या परत जात. नवा दगडी कोळसा पेटवला तर काळा घाण धूर होतो हे सगळ्यांना माहीत होतं. हा मात्र एकदा लाल झाला की धूर म्हणून नाही. तिथल्या एका म्हातारीनं मला त्याचं कारणही सांगितलं होतं. ती म्हणाली, याचा धूर इंजिनानं खाल्ला, आता नुसती ऊब राहिली. मला ते इतकं पटलं की मी त्यावर पुढं एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. जळण्यातलं जे वाईट, ते धूर. धूर गेला म्हणजे वाईट गेलं. माझ्या आईची लेक होते मी.

सातव्या दिवशी मी दोन टोपल्या वेचून आणल्या. खाली लाकडाचे निखारे घालून वर ते कोळसे रचले आणि फुंकणीनं फुंकत बसले. पेटायला चिवट, पण पेटले की खोली कशी उबदार झाली. वर छोटी निळसर जीभ लवलवत होती. बाय बघत राहिली. बाळ शिंकलं नाही. दार बंद ते बंदच राहिलं. सासूबाई आत आल्या, इकडंतिकडं बघितलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला म्हणाल्या की सून डोक्याची आहे. मी त्या एका शब्दावर दोन दिवस तरंगत होते. त्या खोलीत फार वेळ बसलं की माझं डोकं जड व्हायचं, एकदा परसात जाऊन ओकलेसुद्धा. मी म्हटलं, उपास बाधला.

नवव्या दिवशी आमच्या शेतावर लावणी होती. घरातले सगळे रोप लावायला गेले, मी आणि बाळंतीण घरी. मी पोराला आणि तिला न्हाऊ घातलं, बाजेखाली शेगडी सरकवली. मला शेतावर भाकरी पोचवायची होती, परत येईपर्यंत विस्तव टिकायला हवा होता, म्हणून मी शेगडी रोजच्यापेक्षा दुप्पट भरली. बाहेर पाऊस उभा झोडपत होता. दाराच्या खालच्या फटीतून गार झुळूक येत होती. बाय म्हणाली, राहू दे गं फट, मला जरा बरं वाटतंय. मी तिला दटावलं. एक जुनं कांबळं गुंडाळून ती फट बुजवली आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

भाकरी देऊन मी लगेच परतणार होते. पण आठ-नऊ दिवस मी बाळंतिणीपाशी अडकलेली, आणि शेतात बायका गात होत्या. सासूबाईंनी स्वतः सरकून मला ओळीत जागा दिली. मी एक खाचर लावलं. मग दुसरं अर्धं. चिखलात पाय घालून उभी राहिले आणि मला फार बरं वाटलं. हे लिहिताना मला त्या बरं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

घरी आले तेव्हा दिवस कलायला लागला होता. दाराशी कान दिला. आत काही हालचाल नाही. दोघं निजली आहेत, किती दिवसांनी इतकी शांत निजली आहेत, असं वाटून मला माझंच कौतुक वाटलं. त्यांना उठवू नये म्हणून मी पाय न वाजवता परसात गेले, पाय धुतले, भांडी घासली, चुलीवर पाणी ठेवलं. एवढा वेळ मी त्यांना निजू दिलं. मग पाजायची वेळ टळली असं लक्षात आलं तेव्हा दार ढकललं.

पोराचे गाल लाल होते. गोरंगोमटं, लालबुंद, कधी नव्हतं इतकं सुरेख दिसत होतं. मी त्याला उचललं तेव्हा त्याची मान मागं पडली. बाय बाजेवरून अर्धी खाली आलेली, हात दाराकडं. मी ओरडले तशी शेजारीण धावत आली. आम्ही दोघींनी बायला ओढत ओटीवर आणलं. वळचणीचं पाणी तिच्या तोंडावर उडत होतं, वारा अंगावर येत होता, आणि शेजारीण मला शिव्या देत होती की बाळंतिणीला वाऱ्यात काय टाकतेस. तेवढ्यात बायनं डोळे उघडले. पोरानं उघडले नाहीत.

सुईण आली, तिनं पोर उलटंपालटं करून पाहिलं, अंगावर ओरखडा नाही म्हणाली. सटवाईनं लिहिलं तेवढंच आयुष्य. सासूबाई भिंतीला डोकं आपटत होत्या. शेजारच्या एका बाईनं हळूच म्हटलं की पोटच नासकं असेल तर शेगडी काय करणार. सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. खरोखर तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण मी मान जरा घाईनंच हलवली होती.

सुतक फिटलं, आणि बाय रिकाम्या हातानं खालापूरला गेली. तुळशीचं लग्न लागलं, आणि पुढच्या पंधरवड्यात तिच्या नवऱ्याचंही. बायला त्यांनी टाकली नाही. घरात कामाला माणूस हवंच होतं.

त्याच थंडीत एका सकाळी हे स्टेशनातून आले आणि अंगणात उभ्या उभ्या सांगू लागले, की रुळावरचा एक रखवालदार आपल्या खोपटात मेलेला सापडला. गार वाऱ्यामुळं त्यानं दार लावून घेतलं होतं आणि पुढ्यात इंजिनातले कोळसे पेटवून ठेवले होते. इंजिनावरची माणसं म्हणाली, तो कोळसा बंद खोलीत पेटवत नसतात, त्याचं विष दिसत नाही. हे सहज बोलले आणि हात धुवायला गेले. त्यांना काही आठवलं नाही. मी उरलेली टोपली उचलली आणि ओढ्यात ओतली. सासूबाईंनी विचारलं, चांगलं जळण का टाकलंस? मी म्हटलं, ठिणग्या उडतात.

मी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मला घरात ठेवलं नसतं. पुढं मला तीन मुलं झाली. तिन्ही पळसदरीला, आईच्या घरी झाली. शेगडी लाकडाची ठेवा आणि दार किलकिलं ठेवा, असा हट्ट मी धरला. तिन्ही जगली. आईला माझं नवल वाटलं की धुराला नावं ठेवणारी पोरगी धूर मागते.

सासूबाई गेल्यावर घर माझ्या हाती आलं. सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला माणूस पाठवायचं, त्याला मूळ धाडणं म्हणतात. दिवाळी आली की हे विचारायचे, बायला मूळ धाडायचं ना? मी म्हणायची, या वर्षी गाय व्यायली आहे. या वर्षी पोराला गोवर आहे. या वर्षी घर शाकारायचं राहिलं आहे. माझी तीन पोरं अंगणात धावत असताना ती त्यांच्याकडं बघत ओटीवर बसलेली मला सहन व्हायची नाही. हे भाऊबीजेला स्वतः खालापूरला जाऊन यायचे आणि म्हणायचे, ती तुझी फार आठवण काढते. मला वाटायचं, ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी काढायची थांबेल.

अशी अकरा वर्षं गेली. मग एका गाडीवानानं निरोप आणला की बायचे डोळे गेले आहेत. हे तापानं पडून होते, म्हणून मीच गेले. ठरवून गेले. वाटेत बैलगाडीत बसून मी शब्द जुळवत होते. ती शिव्या देईल, हाकलून देईल, देऊ दे, पण हे ओझं आता उतरवायचंच.

ती चुलीपुढं होती. खोलीत इतका धूर की मला आधी ती दिसलीच नाही. वाळकी लाकडं कोपऱ्यात रचलेली, आणि चुलीत मात्र ओलं लाकूड. मी तिला हाक मारली. तिनं आवाज ओळखला, हात पुढं करून माझा चेहरा चाचपला. डोळे पांढुरके, पाणी गळत होतं. मी विचारलं, इतका धूर का करतेस गं? तर म्हणाली, सवय झालीये. सवतीच्या तिन्ही बाळंतपणांत शेगडी तिच्याकडं होती. तिनं मुद्दाम ओलं लाकूड घातलं, म्हणजे दार उघडावंच लागे. त्यापायी सासूचा मारही खाल्ला. सवतीची तिन्ही पोरं जगली.

मी म्हटलं, “बाय, तुला कळलं होतं?”

“तवाच कळलं,” ती म्हणाली. “त्या दुपारी मी तुला हाका मारीत होते वैनी, तोंडातून आवाज निघंना. दारापातुर हात नेला, पुढं जाववंना. मग तुमी मला वाऱ्यात टाकलं तशी मी जागी झाले. ज्या वाऱ्याला भ्यायलो, त्यानंच जागं केलं. तेवढं कळायला काय लागतंय?”

“मग बोलली का नाय गं?”

तिनं चुलीतलं लाकूड चाचपून आत सारलं.

“बोलले असते तर तू मला मूळ धाडलं असतंस का? हितं माजं काय नव्हतं. एक म्हायेर होतं, ते आईच्या मागं तुज्या हातात जानार होतं. म्हनून गप बसले.”

अकरा वर्षांत मी तिला दोनदा मूळ धाडलं होतं, दोन्ही वेळा ह्यांनी फारच धरलं म्हणून, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी गाडी जुंपून दिली होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, चल, आत्ता चल माझ्याबरोबर, गाडी दारात उभी आहे, तुला हवं तितकं राहा.

“आता कशाला, वैनी?” ती म्हणाली. “आता तुजी पोरं दिसायची नायत मला.”

तिनं मला भाकरी खायला लावली. सवतीची धाकटी पोर तिला हाताला धरून दारापर्यंत घेऊन आली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती उंबऱ्यात उभी होती, पण तोंड भलतीकडंच होतं.